सारिकाच्या वाट्याची खिचडी

कुकरचे झाकण उघडले, की हळदीच्या गरम भाताची वाफ चेहऱ्यावर येते. आणि मी पुन्हा जामखेडकडच्या आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, सातवीतली, ताटली घेऊन बसलेली असते.

दसरा सरला होता. ऊसतोडीला निघालेल्या घरांनी मुलेही बरोबर घेतली होती आणि वर्ग निम्मा ओस पडला होता. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी मात्र सवयीने रोजच्याच मापाचे तांदूळ टाकले होते. "पोरं गेली, ह्ये ध्यानातच ऱ्हायलं न्हाई," त्या म्हणाल्या. "खा गं, पोटभर खा!" घरी रात्री चूल पेटेलच असे नसे. मी पुन्हा पुन्हा ताटली पुढे करीत राहिले.

इतक्यात कुंपणापलीकडून ट्रॅक्टर गेला. मागच्या ट्रॉलीत, बोचक्यांवर, माझ्या बाकावरची सारिका बसली होती.

"माझ्या वाटची बी खा गं, खादाडे!" ती हसत ओरडली.

माझे तोंड घासाने भरलेले होते. हात वर करायचेही सुचले नाही.

सारिका पुन्हा शाळेत आली नाही. त्या दुपारी मला रडू यायला हवे होते. पण कितीतरी दिवसांनी पोट तुडुंब भरले होते, आणि मी सुखावले होते. ते सुख आठवते, आणि वाफेपुढे माझी मान आपोआप खाली जाते.