लोखंडावरचा नारळ

पासिंगची फी वाढल्याची बातमी आईने आणली, तेव्हा मी माहेरी आले होते. बाबांना ती आधीच ठाऊक असणार, पण बोलतील तर शपथ! आई भाजीला खाली उतरली होती. लालबागच्या नाक्यावर टेम्पोवाले तावातावाने बोलत होते, तिथे ती पिशवी पायाशी ठेवून ऐकत उभी राहिली. वर आल्या आल्या म्हणाली, "जुन्या गाड्यांची फी भरमसाट वाढवलीय म्हणे. गाडी जेवढी म्हातारी, तेवढी फी जास्त."

बाबा बशीतून चहा पीत होते. "माझा वय वाढला तसा डाक्टरचा बिल वाढला," ते म्हणाले. "आता हिचा वाढला. त्यात काय?"

त्यात काय! मला मात्र त्या दिवसापासून चैन पडेना. गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे की नाही, हे दरवर्षी दाखवून आणावं लागतं, त्यालाच सगळे पासिंग म्हणतात. आजवर नापास झालं तर दुरुस्त करून पुन्हा नेता यायचं, खिशाला फार लागायचं नाही. आता एकदा नापास झालं की दुसऱ्यांदा न्यायची हिंमतच होऊ नये असा दर. आणि टेम्पो बंद पडला तर बाबा घरात बसणार. सत्तरी गाठलेला, सकाळी उठून मिरच्यांची पोती वाहून नेल्याशिवाय ज्याला जेवण गोड लागत नाही असा माणूस आमच्या त्या एका खोलीत दिवसभर बसणार! नुसत्या विचारानेच मला धडकी भरायची.

मी ऑफिसात रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर जायचं ठरवलं. आदल्या दिवशी बाबांनी टेम्पो असा धुतला की आई म्हणाली, "मला बघायला आले होते तेव्हा स्वतः एवढे धुतलेले नव्हते." दिवे पुसले, चमकणाऱ्या पट्ट्या नव्या लावल्या. फक्त एका जागेला हात लावला नाही. उजव्या चाकामागे, चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, जिथे गाडीचा नंबर कोरलेला असतो, तिथे कुंकवाचा जाड थर होता.

"तेवढं पण पुसा ना," मी म्हटलं.

"ती देवाची जागा," ते म्हणाले, आणि विषय संपला.

आमच्याकडे दसऱ्याला नारळ रस्त्यावर फुटत नाही, लोखंडावर फुटतो. आजोबा गिरणीत होते. तिथे दसऱ्याला आपापल्या साच्याच्या, म्हणजे मागाच्या, लोखंडावर नारळ फोडायची पद्धत. गिरणी बंद झाली, साचे भंगारात गेले, पण बाबांनी टेम्पो घेतला आणि ती पद्धत चॅसिसवर आणून ठेवली. नारळ मी फोडायचा. "लेकीच्या हातचा," असं ते चाळीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायचे. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून, अगदी सासरहून सणाला यायला लागले तरी, तो नारळ मीच फोडत आले. पाणी त्या नंबरावरून ओघळायचं, वर बाबा कुंकू लावायचे.

तपासणीच्या जागी मला एका ठिकाणी उभं राहवेना. बाबा गाडीत शांत, आणि मी पत्र्याच्या शेडखाली येरझाऱ्या घालतेय. दिवे झाले. ब्रेक झाले. धूर झाला. एकेक पास होत गेलं तसतशा माझ्या येरझाऱ्या वाढल्या. आई दर थोड्या वेळाने फोन करून विचारत होती, "झालं का गं?" शेवटी मी तिच्यावरच खेकसले.

मग तपासणारे साहेब खाली वाकले. "काका, नंबर दिसत नाही." बाबांनी फडक्याने घासलं. कुंकू निघालं, त्याच्याखाली गंज. साहेबांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं आणि ते आत गेलं. खपली पडावी तसा पत्र्याचा तुकडा खाली पडला.

"इथून सडलंय हो, काका," ते चांगुलपणाने म्हणाले. "बाकी गाडी ठणठणीत आहे. पण एवढं एकच ठिकाण कसं खाल्लं? हे कापून नवीन बसवा, मग परत आणा. फी परत भरावी लागेल."

बाबांनी त्या भोकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर फिरवली. आम्हा दोघांनाही कळलं होतं.

परतीच्या वाटेवर माझा बांध फुटला. "कुणी सांगितलं होतं लोखंडावर फोडायला? ते गिरणीचं लोखंड होतं, बाबा, हातभर जाड! आणि मी पण गाढवासारखी दरवर्षी तिथेच!" मला रडू आवरेना. "मी भरते फी. दुरुस्तीचंही मीच बघते."

"गप रव गो," बाबा म्हणाले. त्यांनी टेम्पो परळच्या पुलावरून खाली उतरवला. मग म्हणाले, "तुझ्याच हातच्या नारळान ती इतकी वर्सां चालली."

पैसे काही त्यांनी घेतले नाहीत. टेम्पो भंगारात गेला. त्यानंतर बाबांनी घरातले डबे तीनदा लावले, पंखा उघडून परत बसवला, आईशी मिठावरून भांडले. मला ते रोज फोन करून "काय करतस?" विचारायचे आणि मी उत्तर देईपर्यंत ठेवून द्यायचे. संध्याकाळी नाक्यावर जाऊन दुसऱ्यांच्या टेम्पोंची चाकं दाबून बघायचे. आई हे फोनवर सांगायची, मला ते ऐकवत नसे.

दसऱ्याला मी माहेरी गेले. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने नवा टेम्पो घेतला होता आणि तो बाबांच्याच जागेवर उभा होता. पूजेला त्याने बाबांना बोलावलं. बाबा धुतलेला सदरा घालून उतरले, हार बांधला, चाकांना हळद-कुंकू लावलं. मी गॅलरीतच थांबले होते. खालून बाबांनी मला हाक मारली, "चेडवा, खाली ये!"

खाली गेले तर त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. मग मनगटाला धरून मला चाकापासून चार पावलं लांब नेलं.

"हयसर फोड," बाबा म्हणाले. "रस्त्यार. लोखंडाक पाणी लागता नये."