अनसेटबाई

ऑफिसात तिला सगळे अनसेटबाई म्हणायचे. बस कंपनीची तिकिटांची वेबसाइट पीएचपी नावाच्या जुन्या संगणकभाषेत लिहिलेली, आणि दहा जणांनी घालून ठेवलेला घोळ निस्तरायला ही एकटी. काम झालं की व्हेरिएबल अनसेट करा, म्हणजे नावासकट पुसून टाका, पसारा ठेवू नका, असं जो भेटेल त्याला सुनवायची. तोंडाची तिखट, पण शिकवायची मात्र जीव ओतून.

त्या दिवशी तिकीट रद्द झालं की स्क्रीनवरून सीटच गायब व्हायला लागली. ही कडाडली, "अरे शहाण्यांनो, प्रवासी उतरला तर तिथे नल ठेवा. सीट आहे, फक्त रिकामी आहे. अनसेट केलंत म्हणजे सीटच उचकटून रस्त्यावर फेकलीत! आणि सीट आहे का, हे त्या इजसेट कमांडला काय विचारताय? तो मेला रिकाम्या सीटलाही आणि नसलेल्या सीटलाही 'नाही'च म्हणतो. जागा आहे का, हे वेगळं विचारावं लागतं."

घरी मात्र तिचंच कास्टिंग झालं होतं. पीएचपीत आकड्याला मजकूर म्हटलं की तो निमूट मजकूर होतो, त्यालाच कास्टिंग म्हणतात; तशी ही बाबांची ताई झाली होती. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, जाऊन कैक वर्षं झालेली. बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. आता समोरचं माणूसच ओळखू येत नव्हतं.

"ताई, कप फुटला गं. आईला सांगू नकोस हं."

"नाही सांगत रे."

बापाला अरे-तुरे करताना आधी तिची जीभ अडखळायची, मग सवय झाली. रडायचं ते मोरीत नळ सोडून.

दादाचा, म्हणजे तिच्या भावाचा, फोन आला. "अगं, पुसली गेलीस तू त्यांच्या डोक्यातून. कशाला जीव काढतेस? चांगल्या ठिकाणी ठेवू त्यांना." तिला संताप आला, आणि भीतीही वाटली. बाबांच्या मनात आपली जागा रिकामी असेल तर एक वेळ चालेल. पण जागाच उरली नसेल तर आपण इथे राहतोय कुणाची म्हणून?

आजवर ती "बाबा, मी कोण?" एवढंच विचारायची, आणि उत्तर ठरलेलं. त्या संध्याकाळी मटार सोलत बसलेल्या बाबांना तिनं ताई होऊनच विचारलं, "काय रे, तुला मुलगी आहे ना?"

"म्हणजे काय! आहे की!" बाबांचा चेहरा उजळला. "तोंडाळ आहे जरा, पण पोर गुणाची."

"कुठाय ती?"

"ऑफिसात. येईलच आता." मग बाबा हळूच म्हणाले, "ताई, राग मानू नकोस. तू आता तुझ्या घरी जा. तिची खोली अडवून बसलीयस तू. पोर दमून येईल, तिला पाठ टेकायला जागा नको?"

"बरं, जाते रे."

चपला घालून ती बाहेर पडली, दार ओढून घेतलं आणि जिन्यात पोटभर रडली. पण माणसाची आशा किती वेडी बघा! डोळे पुसून, ऑफिसची पिशवी खांद्याला अडकवून तिनं बेल वाजवली.

बाबा जवळजवळ धावतच दाराशी आले. तिला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"तूच होय ताई," ते म्हणाले. "मला वाटलं, ती आली."