‘ले’, ‘लो’ आणि त्यास्नी

साठच्या दशकात बेंगळुरूला आमच्या शेजारच्या कॉन्व्हेंटमधल्या स्पेनच्या एक सिस्टर मला हौसेनं स्पॅनिश शिकवायच्या. ‘मी त्याला पाहिलं’ म्हणताना त्या ‘त्याला’साठी ‘ले’ म्हणत. एकदा त्यांच्यासमोर मीही ‘ले’ म्हटलं, तेव्हा मेक्सिकोहून आलेल्या पाद्रींनी मला टोकलं, “‘लो’ म्हण.”

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “आमच्या गावात ‘ले’च म्हणतात. माझी आई तसंच म्हणायची.”

घरी आईला हे सांगितलं. ती बेळगावकडच्या खेड्यातली. म्हणाली, “मी ‘त्यांना’ऐवजी ‘त्यास्नी’ म्हणायची. इथं सासरी सगळे हसले, म्हणून सोडलं.”

संध्याकाळी बाबा आले. आई मला म्हणाली, “त्यास्नी कॉफी दे.” बाबा तिच्याकडे पाहतच राहिले. नंतर ती असेपर्यंत कायम तसंच म्हणायची. आता तो शब्द आमच्या घरात कुणी बोलत नाही.