दगडाची बैठक

जगात स्थिर असं काहीच नाही, असं आमच्या शेजारचे मिस्त्री नेहमी सांगत. पुढे संतांचं वगैरे काही येत नसे. धार लावायचा दगड त्यांच्या हाताखाली सरकत असे, एवढंच त्यांना म्हणायचं असे. "हलतोय की," म्हणत ते पातं खाली ठेवत.

मिस्त्री सुतार. आमच्या पेठेतली निम्मी दारं त्यांच्या हातची. जी दारं नीट लागत नाहीत ती दुसऱ्यांची, असं त्यांचं मत. चाळीस वर्षं त्यांनी दगडाला बैठक केली नव्हती. गरजच नव्हती. अंगणात ते रंध्याचं पातं घासत आणि समोर बसून काकू दोन्ही हातांनी दगड धरत. काकू अक्कलकोटकडच्या. दगड धरल्या धरल्या त्या नवऱ्याला कानडीत सुनवत, आणि मिस्त्री खाली मान घालून "व्हय, व्हय" म्हणत. अशी जोडपी तुम्हीही पाहिली असतील.

काकू गेल्या त्या उन्हाळ्यात मिस्त्रींनी पहिली बैठक केली. बाभळीच्या फळीत दगडाच्या मापाची खाच, एका अंगाला पाचर. मला ती उत्तम वाटली. पण मी कॉलेजात इतिहास शिकवणारा. माझं मत त्यांनी धरलं नाही.

दर रविवारी हाक येई. "सर, जरा धरता का? हलतोय की."

मी समोर बसून दगड धरायचो. पाणी मारत ते तासभर पातं घासत. कामं बंद होऊन काही वर्षं झाली होती, तरी पात्यानं मनगटावरचे केस उतरत. मी धरलेलाच असल्यामुळे दगड हलतो की नाही, हे मला कळायचा प्रश्नच नव्हता.

मुलगा पुण्याहून फोन करी. "आप्पा, आता इकडं या." मिस्त्री म्हणत, "बैठक होऊ दे. मग येतो. अजून हलतोय दगड." दुसरी बैठक झाली, खाली सायकलच्या ट्यूबचं रबर लावलेली. तिसरी झाली. दगड हलतच होता.

मग पेठेनं त्यांचा सत्कार केला. प्रमुख पाहुण्यांनी पाऊण तास घेऊन त्यांचं नातं थेट विश्वकर्म्याशी जोडलं. तेवढ्या वेळात मिस्त्री सन्मानचिन्हाची फळी नखानं खरवडत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाव कोरलेला पत्रा उचकटला आणि फळीची चौथी बैठक केली. दोन रविवारांत ती पाण्यानं पावासारखी फुगली.

"सागवान म्हणले व्हते," मिस्त्री म्हणाले. "भुसा हाय, सर. दाबलेला."

त्या दिवशी ते बऱ्याच महिन्यांनी हसले. मग म्हणाले, "ती असती तर लई बोलली असती."

"काय बोलल्या असत्या?"

"काय म्हाईत. कानडीत."

पुढच्या रविवारी बाभळीचीच बैठक पुन्हा बाहेर आली. "सर, जरा धरता का?"

गेल्या संक्रांतीनंतर मिस्त्री गेले. पुण्याला नव्हे. मुलानं हत्यारं वाटून टाकली. ती पहिली बैठक दगडासकट त्यानं माझ्या हातात ठेवली. "सरांना दे, आप्पा म्हणायचे."

रविवारी मी ती अंगणात मांडली. एकटाच बसलो आणि स्वयंपाकघरातली सुरी घासली. आधी हळू, मग होता तेवढा जोर लावून.

दगड हलत नाही.