बुलबुल दिवसाचा, वाघूळ रात्रीचं

पाचोऱ्याजवळ रुपचंद नानांची पेरूची बाग होती. इकडे पेरूला जाम म्हणतात. दिवसा ती लोटन राखायचा, रात्री त्याचा मेहुणा तोताराम. दोघेही पाळीवर गाढ झोपायचे. फरक एवढाच, की लोटनला त्यासाठी सावली शोधावी लागे.

सत्याऐंशीच्या हिवाळ्यात व्यापाऱ्याने बराच माल खराब म्हणून परत पाठवला. नानांनी सांगितलं, ज्याच्या पाळीत नुकसान जास्त, तो घरी बसेल. पारख सोपी होती. बुलबुल दिवसा येतो, जामाला भोक पाडतो आणि तो फांदीवरच सोडून जातो. वाघूळ अंधारात येतं, चावून रस पितं, चोथा खाली थुंकतं. भोकं जास्त निघाली तर लोटन जाणार, चोथे जास्त निघाले तर तोताराम.

लोटनला घरी बसून बायकोचं ऐकायचं नव्हतं. तो पारावर बुलबुलाची तारीफ करू लागला. डोक्यावर तुरा, सकाळी गाणं. चार चोची मारल्या तर बिदागी समजावी. आणि वाघूळ? कुत्र्याचं तोंड घेऊन जन्मभर उलटं लटकतं. त्याच्यावर कोण विश्वास ठेवील?

नुसत्या बोलण्याने भागेना. मग तो सकाळी पाळीवर आला की भोकं पडलेले जाम तोडून स्वतःच चावायचा आणि चोथे झाडाखाली थुंकायचा. तिकडे तोतारामही उजाडण्याआधी खिळ्याने धडधाकट जामांना भोकं पाडत होता. पाखरांपेक्षा राखणदारांनीच बाग जास्त नासवली.

एक दिवस नाना अचानक आले. त्यांनी काडीने एक चोथा उलटला, वास घेतला.

"लोटन, आपला मळामधला वाघूळ तंबाखू कधीपासून खावाले लागना रे?"

लोटन खाली बघत म्हणाला, "संगत वाईट शे, नाना."

मग नानांनी फांद्यांवरची भोकं पाहिली. सगळी एका मापाची, गोल. त्यांनी कुणालाच काढलं नाही. दोघांच्या पाळ्या बदलल्या आणि मोजणी चालूच राहील म्हणाले.

दुपारी लोटन पारावर सांगत होता, वाघूळ बिचारं लेकुरवाळं, पिलाला पोटाशी धरून हिंडतं. बुलबुल मात्र बुडाला लाल रंग लावून फिरणारा छचोर.

संध्याकाळी त्याने गोफण मेहुण्याच्या हाती दिली. तोतारामने त्याला बॅटरी दिली आणि खिळाही.