मायनं अडवून धरलेली नदी

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाला आमची भाजीची वाडी होती. लढाईतल्या त्या एका हिवाळ्यात माझी माय रोज सकाळी नदीवर जायची, कोपरापर्यंत हात पाण्यात घालायची आणि पाणी किती गार झालंय ते बघायची. पाणी बोचरं लागलं की घरी येऊन तिचा सगळा राग भाजीवर निघायचा. वांगी तोडायची, मेथीच्या जुड्या बांधायची आणि काही विचारलं की अंगावर यायची. मीही काही गरीब गाय नव्हते. मोर्णा गारठली तर तिला काय काढा करून पाजणार का, असं मी एकदा विचारलं. तिनं हातातली जुडी माझ्या तोंडावर फेकली.

कारण माझा थोरला भाऊ होता. अमरावतीला कापसाच्या एका जिनात तो मोटार चालवायला शिकला, रुईच्या गाठी स्टेशनावर पोचवायचा. लढाई लागली तसा फौजेत लॉरीवर गेला. बाबांशी भांडून गेला. पोरगा गोऱ्यांचं मीठ खायला निघाला म्हणून बाबांनी त्याचं नाव टाकलं. पुढे गावातली पोरं इंग्रजांविरुद्ध उठून तुरुंगात जायला लागली, तेव्हा तर घरात त्याचा विषय काढायची सोय राहिली नाही. त्याचा एक सोबती रजेवर आला, त्याच्याकडून कळलं की तो इराणात आहे. बंदरात उतरलेला माल डोंगरातून वर न्यायचा आणि रशियाच्या लोकांच्या हवाली करायचा, हे त्याचं काम.

आमच्या गल्लीत एक शाळामास्तर राहायचे. भाजी घ्यायला आले की ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. त्यांनी काडीनं अंगणात एक लांब रेघ ओढली. ही व्होल्गा. वरून येते आणि खाली एका समुद्राला मिळते. त्या समुद्राच्या खालच्या अंगाला इराण. जर्मन या रेघेपर्यंत येऊन भिडलाय, काठावरच्या शहरात घरोघरी झुंज चालू आहे. रेघ ओलांडली तर खाली उतरायला त्याला रान मोकळं.

मायनं ती रेघ बराच वेळ पाहिली. मग तिचा जीव जरा भांड्यात पडला. मोर्णेला पूर आला की आम्ही अलीकडचे अलीकडे आणि स्टेशनकडचे पलीकडे, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं. नदी मध्ये आहे म्हटल्यावर कोणाची माय व्यायलीय पार करायची, असं तिला वाटलं. मास्तरांनाही उत्साह आला. म्हणाले, तिकडचे लोक तिला आईच म्हणतात. तिच्या काठी तातारांची राज्यं होती, ती रशियाच्या राजानं जिंकली आणि मग उगमापासून मुखापर्यंत नदी त्यांची झाली. गरीब माणसं खांद्याला दोर लावून काठानं नावा ओढायची, ओढताना गाणी म्हणायची. राजावर उलटलेले बंडखोर तिच्याच पाण्यावर लपायचे. आणि शेकडो वर्षांपूर्वी त्या काठचा एक व्यापारी घोडा विकायला आपल्या दक्षिणेत आला होता, थेट बीदरपर्यंत.

"मंग तो घरी पोचला का?" मायनं विचारलं.

मास्तर खोटं बोलत नसत. परतताना वाटेतच वारला, घर थोडक्यात राहिलं, असं त्यांनी सांगितलं. मला त्यांचा असा राग आला की त्यांच्या पिशवीतली वांगी परत काढून घ्यावीशी वाटली. पण खरा घोळ त्यांनी पुढे केला. पिशवी उचलता उचलता सांगून गेले की हिवाळ्यात ती नदी गोठते, वरून गाड्यासुद्धा जातात.

मायला ते कळेचना. नदी गोठते म्हणजे काय, हे आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना कुठून कळावं? मी तिला थिजलेलं तूप दाखवलं. ती त्या वाटीकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा उतरला. म्हणजे आज ना उद्या जर्मन चालत पलीकडे जाणार.

दुसऱ्या दिवशी तिनं मोर्णेची ओटी भरली. नद्या एकमेकींच्या बहिणी, एकीजवळ सांगितलं की दुसरीला पोचतं, हा तिचा हिशेब. तुझ्या बहिणीला सांग, वाहती राहा, गोठू नको, माझा लेक खाली आहे. तेव्हापासून रोज पाण्यात हात. गल्लीत बरेच जण जर्मन पुढे सरकला की खूश व्हायचे, इंग्रजांची जिरतेय म्हणून. बाबाही त्यांच्यात बसायचे. पण मास्तर पेपर वाचायला लागले की बाबांच्या हातातलं खुरपं थांबायचं, हे मी पाहिलंय. आम्ही तिघं त्या हिवाळ्यात एका घरात तीन ठिकाणी राहिल्यासारखे राहिलो. पोस्टमन गल्लीत वळला की मला धडकी भरायची.

हिवाळा सरता सरता बातमी आली की जर्मनांनी त्या शहरात हत्यारं टाकली. नदी त्यांना ओलांडता आली नाही. मायनं मोर्णेची दुसरी ओटी भरली आणि त्या दिवशी पोटभर जेवली.

लढाई संपल्यावर भाऊ आला, धडधाकट. बाबा स्टेशनावर गेले नाहीत, पण दाढी करून बसले होते. जेवताना मायनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं की तुझी ती नदी मी गोठू दिली नाही. भाऊ हसला. त्याला वाटलं, गंमत आहे. मग तो एका रशियन ड्रायव्हरबद्दल सांगायला लागला. माल त्याच्या ताब्यात द्यायचा, दोघं मिळून चहा प्यायचे. त्याचं घर त्या काठावरच्या शहरातच होतं. त्याची बायको आणि लहानगी पोरगी तिथंच तळघरात अडकलेली. भाकर, दारूगोळा, सगळं पलीकडच्या काठावरून यायचं. सुरुवातीला बर्फाचे तुकडे वाहत येतात, तेव्हा नाव चालत नाही आणि पाय ठेवता येत नाही. पुरतं गोठलं की मगच रस्ता होतो. तो ड्रायव्हर रोज रेडिओ ऐकून यायचा, नदी मिटली का ते सांगायला दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून दाखवायचा आणि मान हलवायचा. अजून नाही. त्या साली नदी उशिरा गोठली.

मायचा घास हातातच राहिला.

"उशीर काहून झाला?" तिनं विचारलं.

भाऊ म्हणाला, ते काय आपल्या हातात असतं? मी त्याला पायानं ढोसलं, पण तो सांगत सुटला होता. तिनं त्या पोरीचं पुढे काय झालं ते विचारलं. ते त्याला ठाऊक नव्हतं. ड्रायव्हरची बदली झाली, पुन्हा भेट नाही.

माय हात धुऊन उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपल्यातली ताजी भाकर घेऊन ती नदीवर गेली, मीही मागोमाग गेले. तिनं त्या पोरीच्या नावानं भाकर पाण्यात सोडली. ती भिजली, थोडी वाहिली आणि बुडाली. मी म्हटलं, माय, थंडी कोणाच्या सांगण्यावर चालत नाही.

पुढे भावाचं लग्न झालं आणि वहिनी पहिल्या बाळंतपणात अडली. सुईणीनं हात टेकले होते. शेजारच्या बाया मायच्या मागे लागल्या, मोर्णेला ओटी बोल, तुझं ती ऐकते. बाबासुद्धा म्हणाले, बोल. आत वहिनी ओरडत होती. माय दाराशी बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"मी नाई मागत," ती म्हणाली. "तिनं आयकलं तं?"