पंचवटीचा अमेरिकन वकील

सावळीराम गामणे फार मोठ्या मनाचा माणूस होता, असं पंचवटीत अजून जो तो सांगतो. पूल ओलांडून माझ्या दुकानात उदबत्ती घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही जाता जाता तेवढं सांगून जातं. मी मान हलवतो. त्याच्याबरोबर मी इतक्या गावांची धूळ खाल्ली आहे की आता हो म्हणायचाही शीण येतो आणि नाही म्हणायचाही.

मी नियाज अत्तार. सावळीराम आणि मी मराठी शाळेत एका रांगेत बसलो. पुढे तो मखमलाबादच्या रस्त्याला बापाची पेरूची बाग बघू लागला आणि मी भद्रकालीत बापाच्या दुकानात अत्तराच्या कुप्या पुसू लागलो. दोघांची लग्नं झाली, पोरं झाली. मैत्री टिकली ती माझ्यामुळे नाही. सावळीरामशी कुणाला भांडताच यायचं नाही. तुम्ही चिडून एक बोललात की तो म्हणायचा, "तुझंही बरोबर हाय." मग काय डोंबल भांडणार!

तीन भावांत तो मधला. थोरला आणि धाकटा विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून एकमेकांच्या जिवावर उठले, तेव्हा सावळीरामला नीट मिसरूडही फुटलेलं नव्हतं. त्याने दोघांना मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर बसवलं आणि थोरल्याला सांगितलं, "आधी धाकल्याचं गाऱ्हाणं तू सांग. ते नीट सांगितलंस, तर मग तुझं ऐकतो." थोरला फणकारला, पण बोलू लागला. बोलता बोलता त्याचा आवाज बसला. दिवस मावळायच्या आत पाण्याची वाटणी झाली आणि दोघं एका ताटात जेवले.

तिथून त्याचं नाव झालं. बांध, वाटणी, बैलाची अदलाबदल, सोयरीक, काहीही असो, लोक सावळीरामला बोलावणं धाडायचे. पद्धत एकच. आधी समोरच्याचं गाऱ्हाणं तू सांग, मग तुझं. ज्याला ते सांगता येत नसे किंवा सांगायचं नसे, त्याच्या ओसरीवरून तो सरळ उठायचा. मी स्वतः पाहिलं आहे, गंगापूरच्या एका गड्याने भावाचं गाऱ्हाणं अर्धं सांगितलं आणि कपाळ धरून रडायला लागला. ही विद्या खोटी नव्हती. तिचं श्रेय त्याला द्यायलाच हवं, नाहीतर माझ्या बोलण्यात खोट येईल.

पण प्रत्येक ठिकाणी ही विद्या चालत नाही, हे त्याला कधी उमगलं नाही. तीस साली काळारामाच्या दाराशी सत्याग्रह बसला. आम्हालाही देवाच्या दारातून आत जाऊ द्या, एवढंच ते लोक म्हणत होते. सावळीराम दोन्हीकडे हिंडून एकमेकांचं ऐकून घ्या म्हणत बसला. दोन्हीकडून त्याला हाकललं. संध्याकाळी तो माझ्या दुकानात येऊन पाय चोळत बसला. मी म्हणालो, "सावळ्या, दार लावणाऱ्याचं काय ऐकायचं असतं?" तो म्हणाला, "त्याचंही काहीतरी असंलच ना." मी रागाने त्याला चहासुद्धा विचारला नाही.

पुढे मुन्शिपालटीची निवडणूक आली आणि लोकांनी त्याला उभं केलं. पडण्यासारखं काही नव्हतंच, कारण त्याच्याविरुद्ध बोलावं असं कुणाकडे काही नव्हतं. निवडून आला, पागोटं नवं घेतलं, बायकोने, धोंडाबाईने, ओवाळलं. मग तिथे बसून त्याने काय केलं? ठरावाला हात वर करायची वेळ आली की ह्याचा हात अर्धाच वर जायचा. एका बोळात गटार काढायची होती. उजवीकडचे म्हणाले डावीकडून काढा, डावीकडचे म्हणाले उजवीकडून. सावळीरामने दोन्हीकडच्यांची समजूत इतकी पटवली की दोन्हीकडचे त्याच्या पाया पडले, आणि गटार काही झाली नाही. तिथे अजून पाणी तुंबतं.

दुसऱ्या खेपेला तो पडला. आपटलाच म्हणा ना. सगळ्यांनी त्याला सांगितलं की मत तुम्हालाच दिलं, आणि त्याने सगळ्यांवर विश्वास ठेवला.

त्याच सुमारास पेपरात अमेरिकेतल्या कुणा पुढाऱ्याची हकिकत आली होती. नाव मला तेव्हाही नीट घेता आलं नाही. तो गडी आधी निवडून आला, मोठा झाला, मग पडला, आणि पडल्यावर तिथल्या सरकारने त्याला वकील करून दुसऱ्या देशात धाडला. वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, एक राज्य दुसऱ्या राज्याकडे बोलणी करायला धाडतं तो. माझ्या दुकानात पेपर वाचायला येणाऱ्या मास्तरांनी ती हकिकत मोठ्याने वाचली. सावळीराम कान देऊन ऐकत होता. पडल्यापासून त्याचं तोंड उतरलेलं होतं, ते पहिल्यांदा खुललं.

"म्हंजे आपल्यासारखंच की," तो म्हणाला.

"आपल्याकडे पडलेल्याला कुणी परदेशी धाडत नाही," मी म्हणालो. "फार तर मखमलाबादला परत धाडतात."

दुकानातले सगळे हसले आणि त्या दिवसापासून त्याला 'अमेरिकन वकील' हे नाव पडलं. त्याला ते आवडलं, हे सगळ्यांत वाईट.

आणि खरंच त्याला परदेशी बोलावणं आलं. आमच्या इंग्रजी हद्दीतलं एक गाव आणि सुरगाणा संस्थानातलं एक गाव गायरानावरून डोकी फोडत होती. इकडचा फौजदार तिकडे जाऊ शकत नव्हता, तिकडचा इकडे. सावळीराम गेला आणि मला सोबत ओढून नेलं. डोंगरातली ती वाट, नागलीची भाकरी, झोपायला दगडासारखी जमीन. आठवडाभर तो ह्या गावातून त्या गावात चालत होता. शेवटी त्याने दोन्ही गावांच्या गुरांना वार वाटून दिले. उतरताना त्याचे पाय सुजले होते, मला ताप भरला होता, आणि तो मला विचारत होता, "नियाज, त्या अमेरिकेवाल्याला घोडं तरी देत असतील, नाय?"

त्यानंतर त्याला घर असं राहिलंच नाही. आज वणी, उद्या सिन्नर. धोंडाबाई मला पाहिलं की म्हणायची, "भाऊजी, ह्यांच्या पायाला भिंगरी हाय ती तुम्हीच बांधली." पेरूची बाग दुसऱ्यांच्या हाती गेली. चेहरा वाळला, आवाज खोल गेला. कुणी बोलवायला आलं की तो आधी डोळे मिटायचा आणि मग चप्पल शोधायचा. नाही म्हणणं त्याच्या अंगातच नव्हतं.

त्याला एकुलती एक लेक, कुसा. दिंडोरीजवळच्या एका वाडीत नाथा नावाच्या मुलाला दिली होती. घर खाऊनपिऊन सुखी, जावई गोड बोलणारा. चार वर्षं झाली तरी पोरीला मूल नव्हतं. भाजीच्या गाड्यांबरोबर तिचा निरोप यायचा, मला घेऊन जा. सावळीराम म्हणायचा, "त्यांचंही ऐकून घ्यावं लागंल." मग कळलं, नाथाने दुसरी बायको बघितली आहे आणि कुसाची झोपायची जागा गोठ्यात केली आहे. तेव्हा धोंडाबाई चुलीपुढून उठली आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"घेऊन या तिला. तिथं बसू नका, बोलू नका. हात धरा आन टांग्यात घाला. भाऊजी, तुम्ही संगं जा."

"हो," सावळीराम म्हणाला. मी माझ्या कानांनी ऐकलं.

शौकतचा टांगा करून आम्ही सकाळीच निघालो. थंडीचे दिवस होते. वाटेत तो फारसं बोलला नाही आणि मला बरं वाटलं. म्हटलं, आज तरी हा बाप म्हणून चालला आहे.

वाडीत पोचलो तर आमची खबर आधीच लागलेली; ओसरीवर घोंगडी अंथरलेली, चार वडीलधारी बसलेली. आमची बसायची जागा एका बाजूला, त्यांची समोर. नाथा पुढे होऊन पाया पडला आणि त्याचे डोळे भरून आले. त्याची आई भागीबाई दाराआड उभी होती. एक म्हातारा म्हणाला, "सावळीराम, तुम्ही अख्ख्या जिल्ह्याचा न्याय करता. आम्ही दुसऱ्या कोणाला बोलवावं? तुम्हीच सांगा, आम्ही ऐकू."

मी सावळीरामकडे पाहिलं. त्याची पाठ ताठ झाली होती. पोचल्याबरोबर पोरीचा हात धरायचा होता, पण तो माझ्या शेजारून उठला, आमच्या घोंगडीवरून खाली उतरला आणि दोन्ही घोंगड्यांच्या मधे जमिनीवर जाऊन बसला.

कुसाला बाहेर बोलावलं. ती खांबाशी बसली. रोडावली होती. तांब्या डाव्या हाताने खाली ठेवला.

"आधी नाथाचं गाऱ्हाणं तू सांग, पोरी," सावळीराम म्हणाला.

तिने बापाकडे पाहिलं. लहानपणापासून तिने हे ऐकलेलं होतं. मग खाली मान घालून ती बोलली.

"ह्यांचं गाऱ्हाणं असं हाय. चार वर्सं झाली, माझी कूस उजवली नाय. मी सासूबाईंना उलटून बोलते. एकदा रागानं उपाशी निजले, ते शेजारी कळलं आन ह्यांची मान खाली गेली. पोर नसलं तर घराचं नाव बुडंल, म्हून ह्यांनी दुसरी बघितली. ह्यांच्या जागी त्यात काय खोटं नाय."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आता नाथा, तू तिचं सांग."

नाथाने उपरण्याने डोळे पुसले. "तिचं काय असायचं, मामा? दोन टायमाला खायला हाय, लुगडं हाय. आम्ही काय तिला कमी केलं? तिचं गाऱ्हाणंच नाय."

मी सरसावून बसलो. दुसऱ्या कुणाची ओसरी असती, तर सावळीराम इथेच उठला असता. उठ, मी मनात म्हणत होतो, उठ रे सावळ्या, आणि पोरीला घेऊन उठ.

"असू द्या," सावळीराम म्हणाला. "चार माणसांत लाजलं पोरगं."

आणि त्याने निवाडा केला. दुसरं लग्न वर्षभर करू नये. कुसाला घरात झोपू द्यावं. कुणी हात उचलू नये. कुसाने उलटून बोलू नये. म्हातारे वा वा म्हणाले. नाथा लगेच कबूल झाला, कारण वर्ष काय, बघता बघता जातं. भागीबाईने आतून पानसुपारीचं तबक पुढे सरकवलं.

"दादा," कुसा बापाला म्हणाली. "मग तुम्ही सांगा."

"काय सांगू?"

"माझं गाऱ्हाणं. ह्यांना सांगता आलं नाय. तुम्ही सांगा."

सावळीरामने तोंड उघडलं. समोर नाथा त्याच्याकडे बघत होता, म्हातारे बघत होते. "पोरी," तो म्हणाला, "दोन्ही बाजूंनी बघितलं म्हंजे..."

"दोन बाजू लोकांला सांगा. मला एकच हाय." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही लय चांगले हाये, दादा. समदा मुलूख म्हणतो. मला चांगला माणूस नको व्हता. मला बाप पायजे व्हता."

ती उठली, तांब्या उचलला आणि आत गेली. मी तिला हाक मारली. ती थांबली नाही.

पुढचं सांगून टाकतो, म्हणजे मागे काही राहायला नको. वर्ष संपलं आणि दुसरी आली. कुसा तिथेच राहिली आणि तिने सवतीची पोरं वाढवली. धोंडाबाईने नवऱ्याशी बोलणं सोडलं, ते तो मरेपर्यंत. त्याने न्यायनिवाडे मात्र सोडले नाहीत. लोक बोलवायचे आणि तो जायचा. मी पुन्हा त्याच्याबरोबर कुठे गेलो नाही.

तो दिवस मात्र अजून माझ्या अंगावर आहे. निरोप घेऊन आम्ही टांग्यात बसलो. मला इतका राग आला होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं. ढकांबे गावाच्या अलीकडे त्याने एकाएकी बोलायला सुरुवात केली. समोर घोड्याकडे बघत, अगदी सावकाश.

"तिचा उजवा हात मनगटात वाकडा बसलाय. पडून हाड तसं मोडत नाय, कुणीतरी पिरगाळलाय. सासू तिला सगळ्यांचं झाल्यावर वाढती, म्हून गाल बसलेत. अंगावर लुगडं हाय ते लग्नातलंच. गोठ्यात निजती, डासांनी पाय फोडून काढलेत. नाथा गोड बोलतो ते लोकांपुढं. तिनं निरोप धाडले ते उगा नाय धाडले. तिला वाटलं, दादा येतील आन न विचारता नेतील."

त्यात एक शब्द कमी नव्हता की जास्त नव्हता. एवढं नीट गाऱ्हाणं त्या बाजूच्या एकाही ओसरीवर कुणी सांगितलं नसेल. शौकतने लगाम ओढून टांगा थांबवला आणि मागे वळून आमच्याकडे पाहिलं.

"अरे, मग हे तिथं का नाही बोललास?" मी ओरडलोच.

"तिथं जावई बसला व्हता ना," सावळीराम म्हणाला. "त्याला वाईट वाटलं असतं."